एकटीने चालायला जाताना : मुंबईतले रस्ते, वेळा आणि आपण

सोनटक्का

मी आणि समोरच्या विंगमधल्या वहिनी अशा दोघी पहाटे चालायला जायचो. मार्चमध्ये त्या लेकाकडे पुण्याला राहायला गेल्या. तेव्हापासून मी एकटीच. मुलुंड पश्चिम, योगी हिलच्या बाजूने चढ, मग खाली एलबीएस रोड आणि परत. सव्वापाचला बाहेर आणि साडेसहाच्या आत घरात, कारण त्यानंतर डबे, पाणी आणि माझी स्वतःची लोकल.

घरच्यांचं एकच पालुपद आहे, एकटी जाऊ नकोस. ते पाळायचं तर चालणंच बंद करावं लागेल आणि ते मी करणार नाही. त्यामुळे जाऊ की नको हा प्रश्न नाहीये, कसं जायचं ते विचारतेय.

माझी एक पद्धत आहे ती आधी सांगते. रस्ता मी दिव्यांवरून ठरवत नाही, त्या वेळेला तिथे कोण जागं असतं त्यावरून ठरवते. एलबीएसवर पाच वाजता दूधवाले असतात, पेपरांचे गठ्ठे सोडवत बसलेली मुलं असतात, झाडलोट करणाऱ्या बायका असतात, रिक्षावाल्यांची चहाची टपरी उघडी असते. आता त्यातली निम्मी माणसं मला ओळखतात. एक दिवस गेले नाही तर टपरीवाला दुसऱ्या दिवशी विचारतो. याउलट आमच्याकडे एक नवा रुंद रस्ता झालाय. झगझगीत एलईडी, गुळगुळीत फूटपाथ, पण दोन्ही बाजूंना टॉवरच्या कंपाउंडच्या उंच भिंती आणि गेट पार पलीकडच्या टोकाला. नवरा म्हणतो तिकडून जा, उजेड आहे. अरे पण उजेडात मला बघायला आहे कोण?

तर तुमच्याकडचं सांगा. फोन, दागिने, कुत्री, बिबट्या, पावसाळा, सगळं चालेल. फक्त ‘ग्रुप जॉइन करा’ लिहू नका. आमच्या कॉम्प्लेक्सचा ग्रुप सात वाजता निघतो आणि इडलीच्या गाडीवर संपतो.

---

शेवटची_लोकल

कोण जागं आहे ते बघायचं, याला शंभर टक्के अनुमोदन. मी परळच्या एका रुग्णालयात नर्स आहे. दुपारपाळी सुटली की विक्रोळीला उतरेपर्यंत साडेअकरा होतात आणि पुढे कन्नमवार नगरपर्यंत चालत. रिक्षा मिळाली तर ठीक, पण जवळचं भाडं कोण घेतंय.

दोन रस्ते आहेत. जवळचा शाळेच्या मागून जातो. रात्री तिथे फक्त पार्क केलेले टेम्पो, आणि दोन टेम्पोंच्या मधल्या फटीत कोण उभं आहे ते जवळ गेल्याशिवाय दिसत नाही. लांबच्या रस्त्यावर भुर्जीपावची गाडी, मेडिकल आणि एक पानवाला. मी कायम लांबचा घेते. भुर्जीवाले दादा गाडी आवरायला लागले की समजायचं आज उशीर झाला.

स्टेशनपासूनच सुरुवात होते खरं तर. मी डबा असा पकडते की उतरल्यावर जिना समोर येईल आणि गर्दी ओसरायच्या आत पूल उतरून होईल. प्लॅटफॉर्मवर मेसेज वाचत थांबलं की दोन मिनिटांत सगळे पांगतात आणि पुलावर आपण एकट्या उरतो. स्कायवॉकचं तेच. सकाळी वरून जाणं उत्तम, रात्री खालून, दुकानांच्या कडेने. वर एकदा चढलं की मधेच उतरायला वाट नसते.

कोणी मागे येतंय असं वाटलं तर मी रस्ता ओलांडते. तोही ओलांडतोय का ते बघते. मग परत ओलांडते. दोन्ही वेळा आला तर मेडिकलमध्ये शिरायचं आणि उगाच क्रोसिनची पट्टी मागायची. आपल्या बिल्डिंगकडे मात्र वळायचं नाही. घर कुठे आहे ते कशाला दाखवायचं?

---

उगाचच

इतकं सगळं करण्यापेक्षा एक ट्रेडमिल घ्या ना. किंवा उजाडल्यावर निघा. पहाटे पाचला अंधारात जायचं आणि वर सुरक्षिततेची चर्चा करायची! शिवाय बायकांनी गळ्यात सोनं घालून फिरायचंच कशाला?

---

सोनटक्का

उगाचच, साडेसहानंतर माझा डबा तुम्ही भरणार का? ट्रेडमिल ठेवायला ४१० चौरस फुटांत जागा कुठली काढू तेही सांगा. सोनं घालत नाही. काळी पोत असते, तीही खोटी.

---

निवृत्त_हवालदार

खोट्या पोतीलाही हात घालतात, ताई. मागून बाइकवर येणाऱ्याला खरं-खोटं कळत नाही आणि मानेला व्हायची ती इजा होतेच. पंजाबी ड्रेस असेल तर ओढणी सरळ गळ्याभोवती घ्या, पोत आत राहते.

खात्यात बरीच वर्षं काढली, म्हणून थोडं सविस्तर लिहितो. साखळी आणि मोबाइल खेचणारे बहुतेक दोघं असतात, एक चालवतो आणि मागचा हात घालतो. ते मागून येतात, कारण आपण वाहतुकीच्या दिशेनेच चालत असतो. फूटपाथ नसेल तिथे उजव्या कडेने, म्हणजे समोरून येणाऱ्या गाड्या दिसतील असं चाला. अपघात टाळायलाही हेच बरं. पर्स भिंतीच्या बाजूच्या खांद्याला. फोन कानाला लावायचाच तर आधी थांबा, भिंतीला पाठ करा आणि मग बोला. पर्स खेचलीच तर सोडून द्या. पट्टा धरून ठेवल्यामुळे फरपटत गेलेल्या बायका मी पाहिल्या आहेत.

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. तिच्या कलम ३०४ मध्ये हिसकावून नेणं हा स्वतंत्र गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. पाठलाग करणं कलम ७८ मध्ये येतं. हद्द आमची नाही असं कोणी म्हणालं तर ‘झिरो एफआयआर’ हा शब्द उच्चारा. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, माहिती नोंदवून घ्यावी लागते आणि प्रत तुम्हाला फुकट मिळते.

फोन गेला असेल तर तक्रारीची प्रत घेऊन सरकारच्या ‘संचार साथी’ पोर्टलवर तो ब्लॉक करता येतो. त्यासाठी आयएमईआय, म्हणजे त्या हँडसेटचा स्वतःचा ओळख नंबर लागतो. आत्ताच *#०६# दाबा आणि नंबर घरी कागदावर लिहून ठेवा. फोन गेल्यावर तो फोनमध्ये शोधणारे लोक मी रोज बघायचो.

क्रमांक : ११२ सगळ्यासाठी, मुंबई पोलिसांचा महिलांसाठी १०३, रेल्वेत असाल तर १३९. फोन केल्यावर पहिलं वाक्य ठिकाणाचं बोला. ‘मला वाचवा’ नंतर. बसस्टॉपचं नाव, दुकानाची पाटी, काहीच नसेल तर दिव्याच्या खांबावर रंगवलेला नंबर. लांबलचक रस्त्यावर ‘इथे पुलाजवळ’ म्हणून भागत नाही.

---

गोरेगावकर_नील्या

पुरुषाच्या बाजूने एक. रात्री ऑफिसमधून येताना पुढे एकटी बाई चालत असेल तर तिला माझ्या पावलांचा त्रास होतो, हे मला बायकोने सांगेपर्यंत डोक्यात नव्हतं. माझ्या मनात काही नसतं, पण ते तिला कसं कळणार? आता मी सरळ पलीकडच्या फूटपाथवर जातो. घाईने ओलांडून पुढे जायला गेलं तर उलट ती जास्त दचकते. काहीच जमलं नाही तर आईला फोन लावतो आणि मोठ्याने बोलतो. आईशी भाजीवरून वाद घालणाऱ्या माणसाला सहसा कोणी घाबरत नाही.

---

शेवटची_लोकल

नील्या, हे आमच्या भागातल्या निदान दहा जणांना वाचून दाखवा.

---

आरेवासी

सोनटक्का, योगी हिल म्हणताय म्हणजे नॅशनल पार्कची कड आहे तुमच्याकडे. आम्ही आरेच्या पाड्यातले, आमच्याकडे बिबट्या पिढ्यान्‌पिढ्या आहे. माझी आजी त्याला नावानेसुद्धा हाक मारायची नाही, ‘तो’ म्हणायची. त्यामुळे थोडं बोलतो.

माणूस हे त्याचं खाणं नाही. तो येतो कुत्र्यांमागे आणि कुत्री येतात कचऱ्यामागे. म्हणून जिथे उघडा कचरा, तिथे पहाटे नि संध्याकाळी सांभाळून. उभा माणूस त्याला मोठा दिसतो. बसलेला किंवा वाकलेला माणूस लहान जनावरासारखा दिसतो. झाडीच्या कडेला बुटाची नाडी बांधायला खाली बसू नका, चार पावलं पुढे दिव्याखाली या आणि मग बांधा. उघड्यावर शौचाला बसलेल्या माणसांवर हल्ले होतात त्यामागेही हेच कारण आहे. लहान पोरांना पुढे पळू देऊ नका, बोट धरा. ऑक्टोबर २०२२ मध्ये ऐन दिवाळीच्या पहाटे आरेत एक चिमुरडी गेली. ते आम्ही विसरलेलो नाही.

समोर दिसलाच तर पळायचं नाही, पाठ दाखवायची नाही. हात वर करून मोठं दिसायचं, मोठ्याने बोलायचं, हळूहळू मागे सरकायचं आणि त्याला जायला वाट ठेवायची. सगळ्यात जास्त घोळ होतो तो गर्दीमुळे. शंभर लोक मोबाइल काढून घेरतात, त्याला वाट सापडत नाही आणि मग तो कोणावर तरी उडी टाकतो. वनखात्याचा नंबर १९२६.

काठी ठेवा. सप्टेंबर २०२१ मध्ये आमच्या इथे एका वयस्क बाईंवर बिबट्याने मागून झडप घातली. हातातल्या चालायच्या काठीने त्यांनी त्याला परतवलं. सीसीटीव्हीत आलंय सगळं, खूप जणांनी बघितलं असेल.

आणि एकटे असाल तर झाडीच्या कडेला मोबाइलवर गाणी लावा, मोठ्याने, स्पीकरवर. आपण येतोय हे त्याला आधी कळलं की तोच बाजूला होतो. अभंग, लावणी, जे आवडेल ते. त्याची काही तक्रार नसते.

---

सोनटक्का

नाडीचं मला खरंच माहीत नव्हतं! आणि स्पीकरचं छान. माझी समजूत अशी की फोन पूर्ण बंद ठेवायचा.

---

पांढरी_काठी

स्पीकर वेगळा आणि इअरफोन वेगळा. मी दृष्टिहीन आहे, दादरला राहतो आणि रोज एकटा चालतो. माझं सगळं कानांवर. बाइक वेग कमी करत मागे येतेय की सरळ निघून चाललीये, हे इंजिनाच्या आवाजावरून कोणालाही कळू शकतं, त्यासाठी आंधळं असायची गरज नाही. पण दोन्ही कानांत बोळे घातले की डोळस माणूससुद्धा अर्धाच उरतो. ऐकायचंच असेल तर एका कानात, भिंतीच्या बाजूच्या. सध्याच्या विजेच्या गाड्यांचा आवाज येत नाही, ही मात्र नवी पंचाईत झालीय.

पावसाचं लिहायला कोणी नाही आलं अजून, म्हणून मी लिहितो. २९ ऑगस्ट २०१७ ला शहर तुंबलं होतं तेव्हा एक नामवंत पोटविकारतज्ज्ञ घर जवळ आलं म्हणून गाडीतून उतरून चालत निघाले आणि प्रभादेवीला उघड्या मॅनहोलमध्ये गेले. मृतदेह दोन दिवसांनी वरळीला सापडला. सप्टेंबर २०२४ मध्ये अंधेरी पूर्वेला अशाच पावसात एक बाई गेली. दोघंही चालतच होते, काही धाडस करत नव्हते.

पाणी घोट्याच्या वर असेल आणि खालचा रस्ता दिसत नसेल तर थांबणं हाच पहिला उपाय. दुकानात, स्टेशनवर, कोणाच्याही बिल्डिंगच्या जिन्यात. पावसाळी गटारं कडेला असतात आणि मलवाहिनीची झाकणं रस्त्यातही असतात, त्यामुळे अमुक पट्टा सुरक्षित असं काही नाही. निघावंच लागलं तर काठीने किंवा मिटलेल्या छत्रीने पुढची जमीन चाचपत चाला, पाऊल उचलू नका, सरकवा. पाण्यात फांदी किंवा बांबू खोचलेला दिसला, वर फडकं बांधलेलं असलं, तर ती कोणीतरी केलेली खूण आहे, तिच्यापासून लांब. पाणी एका जागी गोल फिरतंय तिथूनही लांब. उघडं झाकण दिसलं की १९१६ ला कळवा.

मुंबईत कित्येक मॅनहोलच्या आत आता जाळ्या बसवल्या आहेत. सगळीकडे नाहीत.

---

डॉ_तुळस

वरच्या प्रतिसादाला जोडून : तुंबलेल्या पाण्यातून चालून आलात आणि पायाला जखम असेल, साधं खरचटलेलं असलं तरी, तर लेप्टोचा (लेप्टोस्पायरोसिस, उंदरांच्या मुतामुळे दूषित झालेल्या पाण्यातून होणारा ताप) धोका. २४ ते ७२ तासांच्या आत डॉक्टरांना दाखवा. गरजेप्रमाणे डॉक्सिसायक्लिन देतात. आपल्या मनाने घेऊ नका, गरोदर बायकांना आणि लहान मुलांना औषध वेगळं असतं. ताप आल्यावर जाऊ म्हणू नका.

कुत्रं चावलं तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवायची. घड्याळ लावून धुवा, कारण आपली पंधरा मिनिटं तीनच मिनिटांत संपतात. हळद, चुना, मिरची, तंबाखू काहीही भरायचं नाही. त्याच दिवशी दवाखान्यात, रक्त आलं असेल तर लसीबरोबर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही (तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन) लागतं. महापालिकेच्या रुग्णालयांत लस मिळते. पुढचे डोस चुकवू नका, बहुतेक लोक दुसऱ्यानंतर गायब होतात.

आणि सगळे चोर-बिबट्याबद्दल बोलताय, पण एकट्या चालणाऱ्या पन्नाशीपुढच्या माणसाला खरी भीती चक्कर येऊन पडण्याची. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन घेऊन उपाशी पोटी निघू नका. खिशात खडीसाखर नाहीतर ग्लुकोजची पुडी ठेवा. फोन लॉक असताना दिसेल अशी तातडीची माहिती भरून ठेवा, म्हणजे रक्तगट, औषधं, दोन नंबर. ते जमत नसेल तर कागद लिहून खिशात ठेवा. रुग्णवाहिका १०८.

---

उगाचच

ट्रेडमिलवर कुत्रं चावत नाही, एवढंच म्हणतो.

---

चिंचपोकळीचा_चिंतू

कुत्र्यांसाठी माझा उपाय सांगू? पळायचं नाही, डोळ्यांत बघायचं नाही. जागेवर थांबून खाली वाकायचं आणि दगड उचलल्यासारखं करायचं. दगड नसला तरी चालतो, मुंबईतली कुत्री यावर ताबडतोब विश्वास ठेवतात.

---

आरेवासी

चिंतू, चिंचपोकळीत वाका खुशाल. आमच्याकडे झाडीत वाकू नका. 😀

---

बांद्र्याची_मावशी

मिरचीच्या स्प्रेबद्दल कोणाचा अनुभव? लेक घे म्हणतेय. मी कार्टर रोडला संध्याकाळी जाते.

---

निवृत्त_हवालदार

मावशी, बाळगायला हरकत नाही, पण कार्टर रोडला संध्याकाळी वारा समुद्रावरून येतो. तुम्ही पाण्याकडे तोंड करून फवारलंत तर तुमचेच डोळे जातील. शिवाय पर्सच्या तळाशी चष्म्याच्या डबीखाली गेलेला स्प्रे वेळेला सापडत नाही. त्यापेक्षा शिट्टी. किल्ल्यांच्या जुडग्याला अडकवा, हातातच राहते. स्प्रे घेतलात तर मोकळ्या जागी एकदा दाबून बघा, किती लांब जातो ते कळेल, आणि तारीखही बघा, जुना झाला की दाब जातो.

भरतीचं मात्र नक्की पाळा. साडेचार मीटरच्या वरच्या भरतीचे दिवस महापालिका पावसाळ्याआधीच जाहीर करते. त्या दिवशी कट्ट्याच्या आत चाला. खडकांवर उतरू नका. जानेवारी २०१६ ला बँडस्टँडला सेल्फी घेताना एक मुलगी वाहून गेली आणि तिला वाचवायला उडी मारलेला माणूसही गेला.

---

सोनटक्का

बापरे, इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. सगळ्यांचे आभार. काठी आणि शिट्टी आजच आणते. चढाच्या बाजूला ज्ञानेश्वरीची पारायणं लावेन म्हणते, बिबट्याचंही कल्याण.

एक शंका राहिली. व्हॉट्सअ‍ॅपवर लोकेशन लेकीला पाठवते, पण ती आठ वाजेपर्यंत झोपलेली असते. मग उपयोग काय?

---

शेवटची_लोकल

जागं असणाऱ्यालाच पाठवायचं. तुमच्या तत्त्वानेच चाला ना! लाइव्ह लोकेशनला १५ मिनिटं, १ तास आणि ८ तास असे तीन पर्याय येतात. तुम्हाला सव्वा तास लागतो, म्हणजे एक तासाचं मधेच बंद पडेल, आठ तासांचं लावा आणि घरी आल्यावर बंद करा. माझं मी रात्रपाळीच्या मैत्रिणीला पाठवते, ती तेव्हा वॉर्डात जागी असते. पोचले की अंगठा टाकते. पावणेबारापर्यंत अंगठा आला नाही तर ती फोन करते, उचलला नाही तर माझ्या भावाला. हे आधी ठरवून ठेवावं लागतं, नुसता नकाशावरचा ठिपका काही करत नाही. तुमच्या पुण्याच्या वहिनी पहाटे उठतच असतील ना अजून?

---

सोनटक्का

उठतात, पाचला. तिकडे एकट्याच चालतात म्हणे, कर्वेनगरच्या कॅनॉलच्या रस्त्याने. मग मीही त्यांचं लोकेशन मागून घेते. तो रस्ता पहाटे कसा असतो, कोणी पुणेकर आहे का इथे?